बेअरफूट शूज वापरायला सुरुवात करताना : गैरसमज आणि वाटचाल

टाच आणि चवडा एकाच पातळीवर ठेवणारे, पातळ व लवचीक सोलचे, बोटांना पसरायला जागा देणारे आणि तळव्याच्या कमानीला आतून उठाव न देणारे बूट ‘बेअरफूट शूज’ म्हणून विकले जातात. नेहमीच्या रनिंग शूजमध्ये टाच चवड्यापेक्षा साधारणपणे 8 ते 12 मिलिमीटर उंच असते आणि तिच्याखाली फोमचा जाड थर असतो. बेअरफूट शूजमध्ये हा फरक शून्य असतो आणि सोलची जाडी बहुधा 3 ते 8 मिलिमीटरच्या आसपास राहते. या बुटांनी गुडघेदुखीपासून कंबरदुखीपर्यंत सर्व काही बरे होते असे सांगणारे लोक भेटतात, तसेच कुशन काढले की पाय कामातून गेलेच असे बजावणारेही भेटतात. माझ्या मते दोघेही बुटाला नको तितके श्रेय किंवा दोष देतात. हा बूट फक्त काही गोष्टी काढून घेतो. फोम, उंच टाच आणि कमानीचा आधार जे काम करत होते, ते तो पोटरी, घोटा, तळव्याचे लहान स्नायू आणि चवड्याची हाडे यांच्यावर सोपवतो. हे काम त्यांना झेपेल का आणि झेपायला किती काळ लागेल, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यांच्या क्रमानेच गैरसमजांचा विचार केला आहे.

पहिली पायरी : आपला पाय तपासणे

सर्वांत घातक गैरसमज असा, की जे नैसर्गिक आहे ते कोणालाही चालते. पातळ सोलचा सारा फायदा तळव्याच्या संवेदनेवर उभा आहे. खडा टोचला की पाय आपोआप वजन दुसरीकडे घेतो, जमीन उतरती असली की बोटे पकड घेतात. ज्यांच्या तळव्याची संवेदनाच कमी झाली आहे, त्यांच्यासाठी हाच पातळ सोल धोक्याचा ठरतो. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या बाबतीत असे घडते, आणि संवेदना इतकी हळूहळू जाते की माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. खडा किंवा काच टोचते, जखम होते, ती कळत नाही आणि चिघळते. अशा रुग्णांना डॉक्टर मऊ, जाड मायक्रोसेल्युलर रबराची, म्हणजेच सर्वसाधारण बोलीतली ‘एमसीआर’ चप्पल सुचवतात, आणि त्या सल्ल्यामागे ठोस कारण आहे.

घरच्या घरी करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. व्यक्तीने झोपून डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने आपल्या तर्जनीने तिच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना प्रत्येकी एक-दोन सेकंद अगदी हलका स्पर्श करावा. दाबू नये, टोचू नये, कोणत्या बोटाला स्पर्श करणार आहोत तेही सांगू नये. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत, तर बुटांचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्यावी. मधुमेह असल्यास ही चाचणी बरोबर आली तरीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पातळ सोल वापरू नये.

आणखी काही पायांना हे बूट मानवत नाहीत. अंगठ्याचा मूळ सांधा झिजून ताठ झाला असेल, तर लवचीक सोलमुळे तो प्रत्येक पावलाला वाकतो आणि दुखणे वाढते. तिथे उलट कडक सोलच आराम देतो. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाच ठणकत असेल, तर तो भर ओसरेपर्यंत थांबावे. शहाबादी किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर पातळ सोलने दिवसभर उभे राहणे अशा टाचेला सोसत नाही. पायाचे हाड नुकतेच मोडून जुळले असेल किंवा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घेणे आवश्यक आहे.

सपाट तळव्यांबाबत मात्र भीती बरीच अवाजवी असते. ‘तुझे पाय सपाट आहेत, तुला आधाराशिवाय बूट चालणार नाहीत’ हे वाक्य अनेकांनी लहानपणापासून ऐकलेले असते. भिंतीला हात टेकवून चवड्यांवर उभे राहावे आणि कोणाला तरी मागून पाहायला सांगावे. टाचा उचलल्यावर कमान दिसू लागली आणि पाय दुखत नसला, तर तो लवचीक सपाट पाय आहे आणि बहुतेकदा त्याला उपचारांची गरज नसते. टाचा उचलूनही कमान उमटत नसेल किंवा घोट्याच्या आतल्या बाजूस दुखत असेल, तर गोष्ट वेगळी आणि ती तज्ज्ञांकडे न्यावी. भारतातच 4 ते 13 वर्षे वयाच्या 2,300 मुलांच्या पायांचे ठसे तपासून केलेला एक अभ्यास 1992 साली प्रसिद्ध झाला. त्यात बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांमध्ये सपाट तळव्यांचे प्रमाण 8.6 टक्के आणि अनवाणी फिरणाऱ्यांमध्ये 2.8 टक्के आढळले. बंद बूट घालणाऱ्या मुलांमध्ये ते चप्पल-सँडल घालणाऱ्यांपेक्षाही अधिक होते. या अभ्यासाचा दाखला हे बूट विकणारे सर्रास देतात, परंतु तो वाढत्या वयातल्या पायांविषयी आहे. चाळिशीतल्या माणसाची कमान नवे बूट घातल्याने परत येते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

तपासणीचा शेवटचा भाग आपल्याकडच्या लोकांना सोपा जायला हवा. दोन्ही टाचा जमिनीला पूर्ण टेकवून उकिडवे बसून पाहावे. मिनिटभर स्वस्थ बसता आले, तर घोट्याचा लवचीकपणा आणि पोटरीची लांबी पुरेशी आहे असे समजावे. टाचा उचलल्या जात असतील किंवा माणूस मागे कलंडत असेल, तर टाच एकदम सेंटिमीटरभर खाली आल्याचा ताण टाचेमागच्या शिरेवर, म्हणजे अकिलिस कंडरेवर, येणार हे उघड आहे. कमोड आणि खुर्चीची सवय झालेल्या शहरी पिढीत टाचा टेकत नसलेले लोक मोठ्या संख्येने दिसतात. त्यांनी पुढच्या प्रत्येक टप्प्याला दुप्पट वेळ द्यावा.

दुसरी पायरी : बूट निवडणे

‘सपाट आणि पातळ सोलचे काहीही म्हणजे बेअरफूट शूज’ हा गैरसमज खरेदीच्या वेळी महागात पडतो. कॅनव्हासचे साधे बूट सपाट असतात, पण पुढे निमुळते होऊन करंगळी आणि अंगठा आत ढकलतात. रबरी स्लीपर सपाट आणि लवचीक असते, पण मागे पट्टा नसल्याने ती पायातून सुटू नये म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आखडून धरावी लागतात. कोल्हापुरी चपलेबद्दल तर हटकून विचारले जाते. तिचा तळ सपाट असतो, कुशन नसते, बोटे मोकळी असतात, म्हणजे निम्म्याहून अधिक अटी ती पूर्ण करते. मात्र नवी कोरी कोल्हापुरी हातात घेऊन वाकवून पाहिली, की चामड्याच्या थरांचा ताठपणा लक्षात येतो. अंगठ्याचा वेढा आणि वरचा पट्टा यांच्यावरच तिची सारी पकड असते आणि टाच मोकळी राहते. घालून घालून, तेल पिऊन मऊ झालेली कोल्हापुरी रोजच्या चालण्याला उत्तम आहे, पण भरभर चालायला किंवा पळायला ती केलेलीच नाही.

2015 साली 11 देशांतील 42 तज्ज्ञांच्या सहमतीने अशा बुटांची एक व्याख्या आणि गुणपद्धती तयार झाली. वजन, सोलची जाडी, टाच-चवड्याच्या उंचीतील फरक, लवचीकपणा आणि पाऊल आत-बाहेर कलण्यापासून रोखू पाहणाऱ्या आधारांचा अभाव, असे पाच निकष तीत समान वजनाने धरले आहेत. पुढच्या भागाची रुंदी या पाचांत नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी जाणवणारा फरक तोच असतो. शिवाय बेअरफूट म्हणवून घेणारे, पण पुढे अरुंद असलेले बूट बाजारात भरपूर आहेत.

दुकानात किंवा घरपोच आलेला बूट हातात घेऊन काही गोष्टी पाहाव्यात. तो चवड्याच्या जागी सहज दुमडतो का, की मधोमध मोडल्यासारखा वाकतो, हे बघावे. दोन्ही टोके धरून कपडा पिळावा तसा पिळून पाहावा. खरा लवचीक बूट फारसा विरोध करत नाही. आत हात घालून कमानीच्या जागी फोमचा उंचवटा आहे का ते चाचपावे आणि असल्यास इनसोल काढता येतो का ते पाहावे. त्यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे. इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून उभे राहावे. करंगळी किंवा अंगठ्याची कड इनसोलच्या बाहेर जात असेल, तर तो बूट त्या पायासाठी नाही, मग खोक्यावर कोणताही नंबर असो. सर्वांत लांब बोटापुढे साधारण 10 मिलिमीटर जागा मोकळी राहायला हवी. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, तेव्हा माप त्या बोटापासून घ्यावे.

ऑनलाइन मागवताना नेहमीच्या नंबरावर विसंबू नये. संध्याकाळी, दिवसभराच्या वावराने पाय थोडे फुगलेले असताना, कोऱ्या कागदावर उभे राहून दोन्ही पायांची बाह्यरेषा पेन्सिल सरळ उभी धरून काढावी, लांबी आणि रुंदी मोजावी आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावी. दोन्ही पाय सारखे नसणे ही सामान्य गोष्ट आहे, तेव्हा मोठ्या पायाचे माप धरावे. पाच बोटांचे वेगवेगळे कप्पे असलेले बूट पाहायला आकर्षक वाटतात, पण पहिली जोडी म्हणून मी ते सुचवणार नाही. प्रत्येक बोट आपापल्या कप्प्यात बसवायला वेळ लागतो, बोटांची लांबी थोडी वेगळी असली तरी ते बसत नाहीत आणि पावसाळ्यात लवकर वाळत नाहीत.

पातळ म्हणजे अधिक चांगला, असेही अनेकांना वाटते. पहिल्या जोडीला 3 मिलिमीटरचा सोल घेण्याचा अट्टहास म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. 6 ते 8 मिलिमीटरचा सोल, शून्य ड्रॉप (म्हणजे टाच आणि चवडा एकाच उंचीवर) आणि पुढे रुंदी एवढे मिळाले, तरी पायाला शिकायला पुष्कळ आहे.

तिसरी पायरी : पहिले काही आठवडे

‘आम्ही लहानपणी अनवाणीच हुंदडलो, आम्हाला सवय काय करायची’ हा खास आपल्याकडचा गैरसमज. लहानपणी तो पाय मातीवर, शेताच्या बांधावर, सारवलेल्या अंगणात चालत होता, त्यावर वजन वीस-पंचवीस किलोंचे होते आणि मधल्या वीस वर्षांत त्याने फोमखेरीज काही पाहिलेले नाही. आजचा रस्ता काँक्रीटचा किंवा पेव्हर ब्लॉकचा आहे. आठवणी जुन्या असल्या तरी स्नायू आणि हाडे आजच्या सवयीप्रमाणेच वागतात.

घाई केल्यास काय होते, याचे एक बोलके उदाहरण 2013 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. सरावाच्या 36 धावपटूंपैकी 19 जणांना दहा आठवड्यांत पाच बोटांच्या बुटांकडे वळवण्यात आले आणि बाकीचे आपल्या नेहमीच्या बुटांत धावत राहिले. शेवटी एमआरआय काढला तेव्हा त्या 19 पैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली आढळली आणि दुसऱ्या गटात अशी व्यक्ती एकच होती. हे लोक नवखे नव्हते, नियमित धावणारे होते. त्याउलट, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात लोकांनी सहा महिने रोजच्या वावरासाठी असे बूट वापरले, तेव्हा बोटे खाली दाबण्याची त्यांची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढलेली दिसली. दोन्ही अभ्यास लहान आहेत, पण शेजारी ठेवून वाचले की फरक स्पष्ट होतो. स्नायू काही आठवड्यांत प्रतिसाद देऊ लागतात, हाड आणि कंडरा यांना महिने लागतात आणि स्नायूंना बरे वाटू लागल्यावर माणूस हाडांना विचारल्याशिवाय अंतर वाढवतो. दुखापती बहुतेक त्याच टप्प्यावर होतात.

व्यवहारात पुढील बेताने चालावे. पहिले दोन आठवडे हे बूट घरात आणि जवळच्या कामांना घालावेत. भाजी आणणे, मुलाला बसथांब्यावर सोडणे, सोसायटीत फेरी मारणे, असे मिळून दिवसाला दोन-अडीच हजार पावले पुरेत. उरलेल्या वेळी जुनेच बूट वापरावेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पावले पाच हजारांपर्यंत न्यावीत आणि त्यानंतर पाय कुरकुर करत नसतील तर सात हजारांपर्यंत. ऑफिसात दिवसभर उभे राहण्याचे काम असलेल्यांनी कामाच्या वेळेत हे बूट घालण्याची घाई करू नये. चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणे तळव्याला अधिक जड जाते, हे पोळपाटाशी तासभर उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते.

या काळात पोटऱ्या भरून येणे, तळव्याच्या मध्यभागी थकवा जाणवणे, बोटांच्या मधले स्नायू दुखणे हे अपेक्षित आहे आणि एक-दोन दिवसांत ते ओसरते. ओसरेपर्यंत अंतर वाढवू नये. याहून वेगळे दुखणे ओळखता आले पाहिजे. पावलाच्या वरच्या बाजूस, एका बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, सूज दिसत असेल किंवा रात्री विश्रांतीतही ठणका राहत असेल, तर हाडाला बारीक चीर गेली असण्याची शक्यता असते. टाचेमागच्या शिरेला सकाळी ताठरपणा येणे आणि ती चिमटीत धरल्यावर दुखणे हेही थांबण्याचे लक्षण आहे. असले दुखणे अंगावर काढू नये. नवीन सवयीचा भाग म्हणून ते सहन करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये.

पायांचा व्यायाम रोज पाच-दहा मिनिटे केला तरी चालतो. भिंतीचा आधार घेऊन टाचा सावकाश वर-खाली करणे, अंगठा जमिनीवर ठेवून बाकीची बोटे उचलणे आणि मग उलट करणे, दात घासताना एका पायावर उभे राहणे, एवढे पुरेसे आहे. दुसऱ्या व्यायामात सुरुवातीला बोटे अजिबात ऐकत नाहीत, त्याने खट्टू होऊ नये.

चौथी पायरी : चालण्याची ढब

या बुटांत चवडा आधी टेकवून चालावे, असा सल्ला अनेक चित्रफितींतून दिला जातो. तो चुकीचा आहे. माणूस अनवाणी चालतानाही टाचच आधी टेकवतो, फक्त हळुवार टेकवतो. 2010 साली अमेरिकेतील एका प्रयोगात टाच जराशी उचलून चालायला लावले तेव्हा चालण्याला लागणारी ऊर्जा 53 टक्क्यांनी वाढली आणि पूर्ण बोटांवर चालताना 83 टक्क्यांनी. चोरपावलांनी चालून पोटऱ्यांना गोळे आणण्यात काहीच हशील नाही.

बदलायचे असते ते पावलाचे अंतर. जाड कुशनच्या बुटांत माणूस पाय लांब फेकतो आणि टाच धाडकन आपटतो, तरी त्याला ते जाणवत नाही. पातळ सोलमध्ये तीच टाच आपटली की हादरा थेट डोक्यापर्यंत जातो. पाऊल थोडे आखूड करावे, पाय शरीराच्या जवळ टेकवावा आणि आवाज ऐकावा. फरशीवर धपधप ऐकू येत असेल तर अजून घाई किंवा लांबी जास्त आहे. इयरफोन काढून चालण्याचा हा एक फायदा.

या बुटांनी शरीराची ठेवण सुधारते, कंबर आणि मान दुखायची थांबते, असे दावे मी गृहीत धरणार नाही. काहींना बरे वाटते, त्यांचा अनुभव खोटा म्हणण्याचे कारण नाही. पण कंबरदुखीची कारणे इतकी निरनिराळी असतात, की तिच्यासाठी बूट विकत घेणे हा उपचार होत नाही. या धंद्याला एकदा न्यायालयाचा अनुभवही आला आहे. पाच बोटांच्या बुटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिब्रम कंपनीवर अमेरिकेत 2012 साली ग्राहकांच्या वतीने दावा दाखल झाला. स्नायू बळकट होतात आणि दुखापती कमी होतात, या जाहिरातींतील विधानांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे त्यात म्हटले होते. 2014 साली कंपनीने आपली चूक मान्य न करता 37.5 लाख डॉलर देऊन तो मिटवला. स्नायूंच्या बळकटीविषयीचे काही चांगले पुरावे त्यानंतर आले, दुखापती घटण्याविषयीचे मात्र अजून तितके ठाम नाहीत.

ज्येष्ठांना हे बूट धोक्याचेच, असेही सरसकट म्हणता येत नाही. जाड आणि मऊ सोलवर उभे असताना पायाला जमिनीचा अंदाज कमी येतो आणि तोल सावरणे कठीण जाते, असे वृद्धांवरील काही अभ्यासांत दिसले आहे. तळव्याची संवेदना शाबूत असलेल्या आजी-आजोबांना मागून बंद असलेला, न घसरणारा, पातळ पण थोडा भक्कम सोल रबरी स्लीपरपेक्षा नक्कीच बरा.

पाचवी पायरी : पळणे

रोजचे सगळे चालणे दोन-तीन महिने या बुटांत विनातक्रार झाल्याखेरीज पळण्याचा विचार करू नये. ज्यांना पळायचेच नाही त्यांनी ही पायरी सोडून दिली तरी काही बिघडत नाही.

पळण्याबाबतचा उत्साह मुख्यतः 2010 नंतर वाढला. त्या वर्षी जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्डमधील संशोधकांचा एक निबंध आला. सवयीने अनवाणी पळणारे बहुधा चवडा किंवा मधला तळवा आधी टेकवतात आणि त्यामुळे जमिनीवर आदळण्याचा सुरुवातीचा धक्का कमी होतो, असे त्यात दाखवले होते. यावरून ‘अनवाणी पळणारा प्रत्येकजण चवड्यावरच पळतो’ असा सरसकट निष्कर्ष लोकांनी काढला. 2013 साली उत्तर केनियातील दासानच लोकांचा अभ्यास झाला. जन्मभर अनवाणी असलेले हे लोक आपल्या सोयीच्या, मध्यम वेगाने पळताना बहुतेक वेळा टाचच आधी टेकवत होते आणि वेग वाढल्यावर मधला तळवा आधी टेकवण्याकडे वळत होते. थोडक्यात, वेग, जमीन आणि सवय यांच्याप्रमाणे पाय बदलतो. चवडा मुद्दाम पुढे करण्याची खटपट नवख्याने करू नये.

‘गुडघ्यांचा त्रास वाचतो’ हे अर्धसत्य आहे. आखूड पावलांनी पळताना गुडघ्यावरचा ताण कमी होतो हे खरे, पण तो नाहीसा होत नाही, तो पोटरी, अकिलिस आणि चवड्यावर जातो. गुडघा दुखरा आणि पोटरी दणकट असलेल्याला हा सौदा परवडेल, ज्याची अकिलिस आधीच तक्रार करते त्याला नाही.

अबेबे बिकिला यांचे नाव या चर्चेत हमखास निघते. इथिओपियाच्या या धावपटूने 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, 2 तास 15 मिनिटे 16 सेकंदांत. चार वर्षांनी टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले, तेव्हा वेळ 2 तास 12 मिनिटांच्या आसपास होती आणि पायांत बूट होते. दुसरा अर्धा भाग सांगायचे लोक विसरतात. आपल्याकडे मिलिंद सोमण यांना लांब पल्ल्याची अंतरे अनवाणी कापताना पाहून अनेकांना स्फूर्ती मिळते. ती जरूर घ्यावी, पण त्यांचे अंतर घेऊ नये.

सुरुवात एका मिनिटाचे पळणे आणि दोन मिनिटांचे चालणे, अशा पाच-सहा फेऱ्यांनी, आठवड्यातून दोनदा आणि मधे किमान दोन दिवस ठेवून करावी. बाकीचे पळणे जुन्या बुटांतच चालू द्यावे. मातीचे मैदान मिळाले तर छानच, मात्र मऊ वाळूवर पळणे सोपे असते असे समजून चौपाटी गाठू नये. वाळूत टाच खोल जाते आणि पोटरीला जास्त काम पडते.

सहावी पायरी : ऊन, पाऊस आणि डोंगर

वारकरी आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात आणि त्यांच्यातले काही जण अनवाणी असतात, मग आपल्याला पातळ सोल का जड जावा, असे विचारले जाते. जे सुखरूप चालतात त्यांच्यातल्या अनेकांचे पाय वर्षभर शेतात घडलेले असतात, आणि वाटेवरच्या वैद्यकीय तंबूंत फोड आलेल्या पायांवर मलमपट्टी करून घेणाऱ्यांच्या रांगा असतात, हेही पाहिले पाहिजे. चालून घट्टे पडले की संवेदना मरते, ही समजूतही बरोबर नाही. 2019 सालच्या एका अभ्यासात केनियातील अनवाणी लोकांच्या जाड घट्ट्यांमुळे तळव्याची स्पर्शाची जाण कमी झालेली आढळली नाही.

एप्रिल-मेमध्ये तापलेल्या डांबराचा चटका पातळ सोलमधून जाणवतो. दुपारी बाहेर पडायचे तर जाडसर इनसोल घालावा किंवा दुसरे बूट घालावेत. पावसाळ्यात प्रश्न वेगळे असतात. जाळीदार कापडाचे हे बूट मिनिटभरात भिजतात आणि ओल्या बुटांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बूट सावलीत, आत वर्तमानपत्र कोंबून वाळवावेत आणि दोन जोड्या आलटून पालटून वापराव्यात. पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून जाणे लेप्टोस्पायरोसिसच्या दृष्टीने धोक्याचे असते, आणि बूट पातळ असो वा जाड, पाणी आत शिरतेच.

सह्याद्रीत जाणाऱ्यांसाठी सोलची जाडी हा दुय्यम मुद्दा आहे. शेवाळलेल्या कातळावर आणि उतरणीच्या घसाऱ्यावर पकड रबराच्या दर्जावर आणि सोलच्या खाचांवर ठरते. गुळगुळीत सोलचा शहरी बेअरफूट बूट घालून पावसाळी गडावर जाणे हा निव्वळ आगाऊपणा. पाठीवर दहा किलोंची सॅक असेल तर चवड्यावरचा भारही वाढतो. आधी पायथ्याच्या वाड्या-वस्त्यांपर्यंतच्या सोप्या वाटा चालाव्यात, तेही पिशवी हलकी ठेवून. घोटा झाकणारा उंच बूट नसला की पाय मुरगळतोच, हे मात्र खरे नाही. जाड सोलवरून घसरताना घोटा जितका कलतो, तितका तो जमिनीलगत असताना कलत नाही.

थंड देशांत राहणाऱ्यांना बर्फाळ फुटपाथवर याच पातळ सोलमधून गारठा चढतो. तिथे लोकरी मोज्यांपुरती जागा धरून माप घ्यावे.

मुलांचे बूट आणि जुन्या जोड्या

मुलांना घोट्यापाशी भक्कम, कमानीला आधार देणारे बूट हवेत अशी समजूत आई-वडिलांमध्ये रूढ आहे. निरोगी पायाच्या मुलाला त्यांची गरज नसते. घरात अनवाणी आणि बाहेर वाकणारे, पुढे रुंद असलेले बूट एवढे पुरते. शाळेच्या गणवेशाचे काळे बूट बहुधा टोकाला निमुळते आणि ताठ असतात. तिथे पर्याय नसेल तर निदान त्यांचे माप दर तीन महिन्यांनी तपासावे, ‘वाढत्या अंगाचे’ म्हणून दोन नंबर मोठेही घेऊ नयेत आणि गेल्या वर्षीचेच यंदा रेटूही नयेत. मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आपटतात.

हे बूट घेतल्यावर जुने फेकून द्यावेत, असा उत्साही सल्ला मिळाला तरी तो मानू नये. ते लांबच्या प्रवासात, दिवसभर उभे राहण्याच्या दिवशी आणि पाय थकलेला असताना लागतात. मात्र काही महिन्यांनी बोटे थोडी पसरली, की जुने निमुळते फॉर्मल बूट करंगळीला काचू लागतात, आणि त्यासाठी चांभाराकडून ते ताणून घेता येतात किंवा ऑफिससाठी रुंद टोकाची एक साधी जोडी घेता येते. बेअरफूट बुटांचा सोल मुळातच पातळ असल्याने तो कुठे झिजतो, ते महिन्यातून एकदा बूट पालथा करून पाहावे. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणे सामान्य आहे. एकाच पायाचा सोल झपाट्याने झिजत असेल किंवा चवड्याच्या एकाच ठिकाणी खळगा पडत असेल, तर तो बूट फिजिओथेरपिस्टकडे सोबत न्यावा. पायाबरोबर बूट पाहिला की त्यांना पुष्कळ गोष्टी कळतात.